गाडी किती देते? वाचकांचे प्रश्न, हिशोबासकट उत्तरं

या वेळच्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून आला आहे: रोजचा प्रवास स्वस्त आणि कमी धुराचा कसा करायचा. उत्तरांत आकडे बरेच येतील, म्हणून गृहीत धरलेले दर आधी देतो. पेट्रोल लिटरला 104 रुपये, डिझेल 91, सीएनजी किलोला 90. घरगुती विजेचं वरच्या टप्प्यातलं युनिट वहन आकार आणि वीज शुल्क धरून 12 रुपये. हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड असा: पेट्रोलच्या लिटरमागे 2.3 किलो, डिझेलच्या लिटरमागे 2.7, सीएनजीच्या किलोमागे 2.75. वीज देशभरच्या सरासरीने युनिटमागे सुमारे 0.7 किलो. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, तर ते घालून बेरीज पुन्हा करा. पद्धत तीच राहील.

साताऱ्याहून रोज कोरेगावला शाळेत जाते. येऊन-जाऊन 36 किमी. पेट्रोल स्कूटर 45 चं ॲव्हरेज देते. इलेक्ट्रिक घ्यायची तर 30 हजार जास्त पडतात. घरचे म्हणतात, वीज कोळशाचीच, मग फरक काय? – एक शिक्षिका, सातारा

महिन्याचे 25 दिवस धरले तर तुमचे 900 किमी होतात. त्याला 20 लिटर पेट्रोल, म्हणजे 2,080 रुपये. इलेक्ट्रिक स्कूटर भिंतीतल्या सॉकेटमधून 100 किमीला साधारण 3.3 युनिट ओढते. चार्जर गरम होण्यात जाणारी वीज यात आली. महिन्याला 30 युनिट, 360 रुपये. बचत 1,720 रुपये, म्हणजे 30 हजार दीड वर्षात वसूल.

कोळशाचा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. 20 लिटर पेट्रोलचे 46 किलो होतात आणि 30 युनिटांचे 21 किलो. आजच्या कोळसाप्रधान विजेवरही निम्म्याहून कमी. कारण पेट्रोल इंजिनात इंधनातली तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन जाते, मोटरमध्ये तेवढी जात नाही.

हाच प्रश्न रोज 8 किमी जाणाऱ्या वाचकाने विचारला असता तर उत्तर उलटं असतं. महिन्याच्या 200 किमीला बचत जेमतेम 380 रुपये, आणि 30 हजार फिटायला साडेसहा वर्षं. तिथे जुनी गाडी नीट ठेवणं किंवा सायकल बरी. गाडीची किंमत बघण्याआधी रोजचं रनिंग बघायचं ते यासाठी.

बिलाचं एक बारीक. महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात, पण वाढीव दर फक्त टप्प्यापुढच्या युनिटांना लागतो. तुमचा वापर आज 90 असेल तर तो 120 होईल, आणि महाग दर त्यातल्या 20 युनिटांनाच पडेल.

शोरूममध्ये 'किती जाते' विचारलं की प्रमाणपत्रावरचा आकडा सांगतात. त्यातून तीस टक्के वजा करा. चढाचा खर्च वेगळा: गाडी आणि दोन माणसं मिळून 250 किलो वजन 100 मीटर वर न्यायला बॅटरीतून सुमारे 0.085 युनिट जातं, म्हणजे सपाटीवरचे 3 किमी. कोरेगाव रस्त्याला हे जाणवणार नाही. कासच्या चढाला जाणवेल, आणि उतरताना त्यातलं थोडंच परत मिळेल.

दुकानदाराला तीन गोष्टी लेखी विचारा. बॅटरीचे सेल एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) आहेत की एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट)? वॉरंटी किती वर्षं आणि किती किमी, यांत जे आधी संपेल ते? आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून देणार? बहुतेक ठिकाणी 70 टक्के सांगतात, पण तो आकडा कागदावर हवा. एनएमसी बॅटरी रोज 80-85 टक्क्यांपर्यंतच भरा आणि लांब जायचं असेल तेव्हाच पूर्ण. एलएफपीला पूर्ण भरल्याचा त्रास कमी. उलट आठवड्यातून एकदा ती 100 पर्यंत न्यावी, नाहीतर डिस्प्लेवरची टक्केवारी चुकायला लागते आणि 15 टक्के दाखवता दाखवता गाडी बंद पडते.

दुपारच्या उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, अर्धा तास सावलीत निवू द्या. पावसाळ्यात पाणी पायठेवणीच्या वर गेलं असेल तर चालू करून बघण्याचा मोह टाळा. सीटखालचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडा आणि गाडी ढकलत न्या. आयपी67 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल असं प्रमाणित झालेलं. ते नव्या रबरी सीलला लागू असतं, तीन वर्षं उन्हात वाळलेल्याला नाही.

आमच्या सोसायटीत 84 सदनिका, 10 इलेक्ट्रिक गाड्या, तीसेक स्कूटर. कोणी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन सोडतो, कोणी कॉमन मीटरवर लावतो. समितीतले काहीजण म्हणतात, मोठा फास्ट चार्जर बसवून टाकू. – एक सेक्रेटरी, ठाणे

फास्ट चार्जर नको. त्याला मोठ्या भाराचा जोड, मोठी केबल आणि देखभालीचा करार लागतो. रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीला घाई कसली?

शहरातली गाडी दिवसाला 40 किमी धावते. त्याला घट धरून 7 युनिट लागतात, म्हणजे 3.3 किलोवॉटच्या साध्या पॉइंटवर दोन तासांच्या थोडं वर. दहा गाड्यांचे 70 युनिट रात्री 11 ते सकाळी 7 मध्ये पसरले तर सरासरी भार 9 किलोवॉटसुद्धा होत नाही. तेच दहाजण कामावरून येऊन आठ वाजता एकदम प्लग लावतात तेव्हा 33 किलोवॉट. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि घराघरांतले एसी त्याच वेळी चालू असतात. म्हणून भार वाढवून मागण्याआधी वेळा वाटून घ्या. बहुतेक गाड्यांच्या ॲपमध्ये चार्जिंगची वेळ लावता येते. नसेल तर पॅनलमध्ये टायमर आणि त्याच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा मोठा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, बसतो.

मीटरचे दोन रस्ते आहेत. मीटर रूम पार्किंगजवळ असेल तर प्रत्येकाने स्वतःच्या मीटरपासून स्वतःच्या जागेपर्यंत वायर न्यावी. बिल थेट त्याला, समितीला हिशोब नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांतही स्वतःच्या चालू जोडावरून गाडी चार्ज करायला मुभा आहे. मंजूर भार वीज बिलावर छापलेला असतो. तो कमी पडत असेल तर आधी वाढवून घ्या. पार्किंग लांब असेल किंवा जागा बदलत्या असतील तर सोसायटीच्या नावाने चार्जिंगसाठी वेगळा जोड घ्या, त्याची दरश्रेणी वेगळी आहे, आणि प्रत्येक पॉइंटला सबमीटर लावा. कॉमन मीटरवर फुकट चार्जिंग मात्र लगेच बंद करा. वार्षिक सभेतली निम्मी भांडणं तिथूनच येतात.

आता वायर. 3.3 किलोवॉटला 15 अँपिअर लागतात, तेही तासन् तास सलग. 30 मीटरपर्यंत 4 चौरस मिमी तांब्याची वायर पुरते. दाबात 4 व्होल्टची घट, ती चालते. 7.4 किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर, 32 अँपिअर घेतो. मीटर 50 मीटर लांब असेल तर 6 चौरस मिमीमध्ये 10 व्होल्ट वाटेतच जातात, 10 चौरस मिमीमध्ये 6. तिथे 10 च टाका. ठेकेदार स्वस्तात ॲल्युमिनियम सुचवेल. मुख्य केबलला ते ठीक, पण शेवटच्या पॉइंटला तांबंच हवं, कारण ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबून ढिलं होत जातं.

आग लागते ती बहुतेकदा अशाच ढिल्या जोडात. स्क्रू नीट आवळला नाही आणि जोडाचा रोध एक दशांश ओहम झाला, तर 15 अँपिअरला त्या टोकावर साडेबावीस वॉट उष्णता तयार होते. एक छोटी सोल्डरिंग आयर्न प्लास्टिकच्या डबीत दोन तास चालू ठेवली तर काय होईल, तेच इथे होतं. आधी सॉकेटचं एक भोक तपकिरी होतं, मग मासळीसारखा वास येतो, मग वितळतं. म्हणून घरातल्या साध्या 16 अँपिअर सॉकेटऐवजी निळं इंडस्ट्रियल सॉकेट लावा, आणि काम झाल्यावर महिन्याभराने सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या. चार्जिंग सुरू होऊन तास झाला की प्लगला हाताची मागची बाजू लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर तिथेच थांबा.

प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र एमसीबी (15 अँपिअरसाठी 20 चा, 32 साठी 40 चा) आणि स्वतंत्र 30 मिलिअँपिअरचा, 'ए' प्रकारचा आरसीसीबी (वीज गळू लागली की जोड तोडणारा स्विच). इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. पैसे वाचवायला दहा सॉकेटांना मिळून एकच आरसीसीबी लावतात. प्रत्येक चार्जरची थोडी थोडी गळती असतेच. ती साठून 30 ला टेकली की रात्री दोनला सगळं ट्रिप, आणि सकाळी दहाजण रिकाम्या गाड्या घेऊन सेक्रेटरीच्या दारात. मग कोणीतरी वायरमनकडून तो 'त्रासदायक' आरसीसीबीच काढून घेतो, आणि ओल्या पार्किंगमध्ये माणसाला वाचवणारी एकमेव वस्तू जाते.

अर्थिंग मल्टीमीटरने तपासा. फेज ते अर्थ हा दाब फेज ते न्यूट्रलइतकाच, 230 च्या आसपास यायला हवा. न्यूट्रल ते अर्थ 2-3 व्होल्टच्या आत. तो 20-30 दाखवत असेल तर अर्थिंग नाममात्र आहे. गाडी चार्जिंग घेत नाही म्हणून सर्व्हिस सेंटरला जाणाऱ्यांपैकी अनेकांचा बिघाड गाडीत नसतो, भिंतीत असतो.

खिडकीतून सोडलेल्या एक्स्टेन्शनला बंदी घालाच. गुंडाळलेल्या रिळाची वायर तर स्वतःच्याच उष्णतेने वितळते. स्कूटरच्या काढता येणाऱ्या बॅटऱ्या वर नेऊन चार्ज करणाऱ्यांना एवढं सांगा: जिन्यात नाही, दाराच्या वाटेवर नाही, झोपायच्या खोलीत नाही.

2011 ची मोटरसायकल आहे. पूर्वी 60 द्यायची, आता 50 देते. सगळे म्हणतात इथेनॉलमुळे. – एक शेतकरी, कराड

इथेनॉलचा वाटा आहे, पण 10 किमी खाण्याइतका नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत आताच्या 20 टक्के मिश्रणात सुमारे पावणेसात टक्के कमी, आणि आधीच्या 10 टक्के मिश्रणाच्या तुलनेत साडेतीन टक्के. म्हणजे 60 चे 56 झाले तर इथेनॉल. त्याखालचं दुसरीकडे शोधा.

गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा. दोन-तीन वेढे सहज फिरायला हवं. लगेच थांबलं तर ब्रेक धरतोय. चेन मधोमध बोटाने वर-खाली करा, 20 ते 30 मिमी खेळ हवा. टायरची हवा थंड टायरवर बघा, पंधरा किमी चालवून आल्यावर नाही. एअर फिल्टर उजेडासमोर धरा, उजेड दिसत नसेल तर बदला. चढावर इंजिन ओरडतं पण वेग वाढत नसेल तर क्लच प्लेटा गेल्या.

एवढं करून झाल्यावर इथेनॉलकडे या. ते पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी दोन-तीन आठवडे अर्ध्या टाकीवर उभी राहिली की टाकीच्या हवेतली वाफ आत जमते, प्रमाणाबाहेर गेली की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं आणि नेमकं तेच कार्ब्युरेटरमध्ये जातं. सकाळी फट्‌फट् करून बंद पडणारी गाडी असेल तर कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत थोडं इंधन घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून पुसून घ्या, तेवढ्यावर काम होतं. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा.

तुमच्या सालातल्या गाडीचे रबर पाइप आणि ओ-रिंग या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांत ते चालणारं साहित्य आहे. पाइप चिकट किंवा फुगलेला लागला तर बदला, थोडक्या पैशांचा भाग आहे. प्लगचं टोक पांढरं पडलं असेल तर इंजिनात जाणारं हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ झालंय, जाणत्या फिटरकडून ट्यून करून घ्या.

हवामानाला याचा फायदा किती? पेट्रोल जळण्यातला काही कार्बन उसाने हवेतून घेतलेला असतो, हे खरं. त्या उसाला पाणी किती लागतं हे कराडच्या शेतकऱ्याला आम्ही काय सांगायचं.

स्टँडवरच्या दोघांनी इलेक्ट्रिक रिक्षा घेतली. एक खूश आहे, एक पुन्हा सीएनजीवर आला. माझं रोजचं रनिंग 120. काय करू? – एक रिक्षाचालक, नाशिक

सीएनजीवर रिक्षा किलोला 32 किमी धरली तर तुम्हाला रोज पावणेचार किलो, 337 रुपये लागतात. मोठ्या इलेक्ट्रिक रिक्षाला 100 किमीला 7 युनिट, म्हणजे रोज साडेआठच्या आत. घरी भरली तर 100 रुपये, बाहेरच्या चार्जरवर 18 च्या दराने 150. थोडं घरी थोडं बाहेर धरून 120 धरू. रोजची बचत सव्वादोनशेच्या आत, 26 दिवसांचे 5,600.

आता हप्ता. गाडी सव्वा लाखाच्या आसपास महाग पडत असेल आणि कर्ज 16 टक्क्यांनी तीन वर्षांचं असेल, तर नुसत्या वाढीव रकमेचा हप्ता 4,200-4,400 येतो. कर्ज फिटेपर्यंत हातात उरतात बाराशे-चौदाशे. तुमच्या त्या दोन मित्रांतला फरक इथेच असावा. दुपारी तासभर चार्जिंगला थांबून रोजचा 100 रुपयांचा जरी धंदा बुडाला, तरी महिन्याला 2,600 गेले. नफा संपला, वर तोटा. ज्याची गाडी दिवसभर न थांबता चालते तो खूश, ज्याला मध्येच भरावी लागते तो वैतागलेला.

म्हणून बॅटरीचा आकार रनिंगवरून ठरवा. चार्जरमधली घट वगळता 120 किमीला बॅटरीतून साडेसात युनिट जातात. वीस टक्के शिल्लक राहिली पाहिजे, कारण खाली खाली नेल्याने सेल लवकर म्हातारे होतात, आणि तीन वर्षांनी क्षमता घटलेली असणारच. नऊ-साडेनऊ युनिटांच्या खालची बॅटरी तुम्ही घेऊ नका. दुसरी अट, रात्री गाडी उभी असते तिथे स्वतःच्या मीटरवरचं सॉकेट. भाड्याच्या खोलीत राहून गाडी रस्त्यावर लावत असाल तर आज तरी थांबा.

शिशाच्या चार बॅटऱ्यांवर चालणारी हळू ई-रिक्षा स्वस्त दिसते म्हणून तिच्याकडे वळू नका. 120 किमी हा तिचा धंदाच नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी प्लेटा बुडून वर सेंटिमीटरभर पाणी राहील असं बघावं, आणि पाणी डिस्टिल्डच. आरओचं चालत नाही, त्यात क्षार उरतात.

परवान्याबाबत: विजेवर चालणाऱ्या वाहतूक वाहनांना परमिटची अट केंद्राने ऑक्टोबर 2018 मध्ये काढली. पासिंग, विमा, बॅज सुटलेले नाहीत. पाटी हिरवी, अक्षरं पिवळी.

सीएनजीवरच राहिलात तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने चाचणी) दर तीन वर्षांनी, तारीख पाटीवर कोरलेली असते. आत 200 बारचा दाब आहे, हे विसरायची गोष्ट नाही. महिन्यातून एकदा जोडांना साबणाचा फेस लावा. बुडबुडा आला तर पैसे तर जातातच, पण मिथेन न जळता सुटलं तर शंभर वर्षांच्या मापाने ते कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट तापवतं. जळालेल्या गॅसपेक्षा गळलेला गॅस महाग.

इलेक्ट्रिक बस आल्या तर तिकीट उतरायला हवं होतं. मे 2025 मध्ये बेस्टचं किमान भाडं 5 वरून 10 झालं. हे कसं? – एक नोकरदार, मुंबई

इंधनात बचत होते. मोठी एसी डिझेल बस शहरात लिटरला 3 किमी देते, किमीला 30 रुपये. तेवढीच इलेक्ट्रिक बस 1.2 युनिट घेते, बसच्या चार्जिंगचा दर 9 रुपये धरून 11 रुपये. पण बसचा मोठा खर्च इंधन नाही. चालक-वाहकांचे पगार आणि बसचा हप्ता बस धावो वा उभी राहो, चालूच असतात. बस 12 तास रस्त्यावर असेल आणि सरासरी वेग ताशी 14 असेल तर 168 किमी होतात. कोंडीत वेग 10 वर आला की 120. तोच पगार, तोच हप्ता, पण किमी तीस टक्के कमी. तिकीट उतरवायचं असेल तर बसला रस्ता मोकळा करून द्यावा लागेल, बॅटरी लावून ते होत नाही.

आणि एक गोष्ट उघड सांगितली पाहिजे. कार्बनच्या बाबतीत बसचा हिशोब स्कूटरसारखा घसघशीत नाही. 1.2 युनिटांचे 0.84 किलो, डिझेलचे 0.9. आजच्या विजेवर जवळपास बरोबरी. वीज जसजशी सौर-पवनाकडे जाईल तसा फरक पडेल. स्टॉपवर उभ्या माणसाच्या नाकातला धूर मात्र पहिल्या दिवसापासून गेला. आणि कोणतीही बस, डिझेल का असेना, भरलेली असेल तर एकट्याच्या इलेक्ट्रिक कारपेक्षा माणशी कमीच सोडते. मुंबईकराला हे नवीन नाही: इथे विजेवरची लोकल 3 फेब्रुवारी 1925 पासून धावते आहे.

गणपतीला रत्नागिरीला चौघे गाडीने जातो. एसटीने गेलं तर खरंच फरक पडतो का? – डोंबिवली

साधारण 340 किमीला 16 चं ॲव्हरेज धरून सव्वाएकवीस लिटर, 2,210 रुपये, 49 किलो. चौघांत वाटले तर माणशी 12. एकटे गेलात तर पूर्ण 49 तुमचे. एसटीची साधी बस साडेचार किमी देते, फेरीला सुमारे 75 लिटर डिझेल, 40 प्रवासी असले तर माणशी 5 किलो. त्याच बसमध्ये आठच जण असले तर माणशी 25, म्हणजे तुमची भरलेली गाडी बरी. कोकण रेल्वे 2022 मध्ये पूर्ण विजेवर आली, तिकीट मिळालं तर तीच उत्तम. ते मिळणं हा वेगळा विषय आहे, आणि त्यावर आमच्याकडे उत्तर नाही. खर्चाचं बघायचं तर महिलांना एसटीत मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, 65 ते 75 वयाला अर्धं आणि 75 पूर्ण झालेल्यांना मोफत. आई बरोबर असेल तर आधी ती बेरीज करा.

मुलीला कॉलेजसाठी जुनी सायकल घेतोय, अंतर 7 किमी. काय तपासू? पुढे मोटर बसवता येईल का? – वर्धा

बारा इंची पट्टी घेऊन जा. चेन ताणून एका पिनच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवा. तिथून पुढच्या चोविसाव्या पिनचा मध्य बरोबर 12 इंचावर यायला हवा. एक सोळांश इंच पुढे गेला तर चेन बदलायच्या बेताला आली. एक अष्टमांश गेला तर तिने मागचं फ्रीव्हीलही खाल्लंय, दोन्ही एकत्र बदला. नुसती नवी चेन जुन्या दात्यांवर जोर लावला की उडी मारते, आणि मुलगी चढावर उभी राहून पेडल मारत असताना नेमकी.

पुढचं चाक उचलून फिरवा आणि रिम व ब्रेकच्या रबरातलं अंतर बघा. 2-3 मिमी डोलत असेल तर आरे आवळून सरळ होतं. रिमला दणका बसून वाकडेपणा आला असेल तर होत नाही. पेडलची कडी धरून आडवी हलवा, खटखट लागली तर बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या आसाच्या) गोळ्या आणि कप गेलेत. सांगाडा आणि पुढचा फोर्क जिथे जोडतात तिथे रंगाला सुरकुती किंवा बारीक चीर दिसली तर सायकल परत टेकवून ठेवा, किंमत कितीही उतरली तरी. सीटची उंची अशी की पेडल सर्वांत खाली असताना टाच टेकली की पाय सरळ होतो. आपल्याकडे बहुतेक सायकली दोन-तीन इंच खाली लावलेल्या असतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल सुटते.

मोटरीचं म्हणाल तर 250 वॉटची हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसणारी), 36 व्होल्ट 10 अँपिअर-तास बॅटरी म्हणजे 360 वॉट-तास. पेडल मारत किमीला 12 गेले तर 30 किमी, वर्ध्यात दोन दिवस. 250 वॉट आणि ताशी 25 किमीच्या आत असेल तर नोंदणी नाही, लायसन्स नाही. पुढच्या चाकात बसवणार असाल तर फोर्क पोलादी हवा. ॲल्युमिनियमच्या किंवा सस्पेन्शनच्या फोर्कची खाच मोटरच्या पिळाने फाटते आणि चाक निसटतं. पोलादी असला तरी आस फिरू न देणारी टॉर्क आर्मची पट्टी लावाच, किटमध्ये ती सहसा नसते, वेगळी मागून घ्या. ब्रेकचे दांडे मोटरची वीज तोडणारे आहेत ना ते दुकानातच चाक वर उचलून बघा: मोटर फिरत असताना दांडा अर्धा इंच दाबला की आवाज बंद व्हायला हवा.